व्यंकटरावांच्या हळदीचा फोटो

"गावाची जन्मतारीख काय?" हा प्रश्न मला दोन हजार आठ साली वसमतच्या एका नेट कॅफेत विचारण्यात आला आणि इतकी वर्षं भूगोल शिकवूनही मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

विचारणारा होता धम्मानंद. कॅफे त्याचाच. कुरुंद्याच्या पलीकडे आमची धानोरवाडी आहे, तिथलाच हा पोरगा. वसमतला जाऊन त्यानं चार कॉम्प्युटर मांडले होते आणि तेव्हा सगळं जग जिथं एकमेकांना भेटत होतं त्या ऑर्कुटवर तो मला गावाच्या नावानं खातं उघडून देत होता. ऑर्कुटचा मात्र असा समज झालेला, की धानोरवाडी हे कुणा माणसाचं नाव आहे. त्यानं आधी पुरुष की स्त्री ते विचारलं, मग जन्मतारीख, आणि मग लग्न झालंय का.

"सर, वय अठराच्या वर पाह्यजे, नसता घेत न्हाई," धम्मानंद म्हणाला. "सोळा ऑगस्ट टाकून देतो."

"सोळा ऑगस्ट कशावरून?"

"माझी तीच हाय. अन् लग्नाच्या जागी अविवाहित टाकतो. विवाहित टाकलं तर कोनी दोस्ती करत न्हाई."

अशा रीतीनं यादवांपासून निजामापर्यंत सगळ्यांना पुरून उरलेलं आमचं गाव एका मिनिटात धम्मानंदच्या वयाचं आणि बिनलग्नाचं झालं. मी आक्षेप नोंदवला. पण कॅफेत तासाचे पैसे लागतात, आक्षेपाचेसुद्धा.

हा सगळा उद्योग माझे शेजारी व्यंकटराव यांच्यासाठी होता. बायको गेल्यापासून व्यंकटराव घरात एकटे. मोठी शेती, हळदीचं पीक, दारात बैल, सगळं व्यवस्थित. पण मुलगा वैजनाथ पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत, आणि तो काही गावाकडे फिरकेना. दिवाळीला त्याला सुट्टी नसायची, उन्हाळ्यात त्याच्या लेकीला, आरोहीला, ऊन सोसायचं नाही, आणि पावसाळ्यात रस्ता नसायचा. एके संध्याकाळी व्यंकटराव माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "सर, आपल्या गावची पोरं दिवसभर त्या कम्प्युटरमधीच असत्यात म्हनं. मंग आपुन तिथंच जाऊन त्यायला बलवावं की."

या तर्कात चूक काढायला मला जागा सापडली नाही. होळीला परगावी गेलेल्या सगळ्या पोरांनी गावी यायचं, एक मेळावा करायचा, असं ठरलं. बोलावण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेला. गावात शिकलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते.

मी भूगोलाचा माणूस. गावाची ओढ लावायची तर गावाची ओळख करून द्यावी, असं माझं प्रामाणिक मत होतं. म्हणून मी पहिला मजकूर टाकला तो 'धानोरवाडी शिवारातील मृदेचे प्रकार'. त्यावर कुणी काही बोललं नाही. दुसरा टाकला पर्जन्यमानाचा आलेख. त्यावर ब्राझीलमधल्या एका बाईनं गुलाबाचं फूल पाठवलं. तिनं बहुधा आलेख न बघता 'अविवाहित' एवढंच वाचलं असावं. वैजनाथनं दोन आठवड्यांनी धानोरवाडीशी मैत्री मान्य केली आणि तो पुन्हा गप्प झाला. ज्या मातीत तो लोळला तिच्यातल्या चुनखडीचं प्रमाण मी त्याला सांगत होतो, आणि त्याच्यानं एक 'वा' लिहवत नव्हतं.

व्यंकटराव मात्र रोज संध्याकाळी विचारायचे, "आमच्या वैजूचं काही आलं का?"

"वाचलं असेल त्यानं, काका."

"वाचल्यावर मानूस काहीतरी म्हनंल की."

हा टोला त्यांनी मला मारला नव्हता, पण लागला मलाच.

मग सल्ले सुरू झाले. दगडोबाच्या हॉटेलात चहा प्यायला बसलो तर दगडोबा म्हणाला, "सर, तुमी माती काहून टाकता? मातीला कोन बघतंय? दोन तोंडाचं वासरू असलं तर टाका." दोन तोंडाचं वासरू कुठून आणायचं, हे त्याला माहीत नव्हतं, पण पलीकडच्या तालुक्यात झालं होतं अशी त्याला खबर होती. शेजारच्या बाकावर गावचे जुने पोलीस पाटील किसनसिंग होते. त्यांनी बशीतला चहा संपवून निकाल दिला, "भांडन लावा सर. वरल्या आळीनं खालच्या आळीला काय म्हनलं, तेवढं लिव्हा. मंग बघा, पुन्याचे काय, दुबईचे येतील." पोलीस पाटलाची सारी हयात भांडणं मिटवण्यात गेली, त्या अनुभवाचं हे सार म्हणायचं.

धम्मानंदचं शास्त्र आणखी वेगळं होतं. तो म्हणाला, "सर, मी रोज बघून राहिलो ना कॅफेत. चांगलं असलं तर मानूस वाचतो अन् जातो. दुसऱ्याला कवा पाठवतो? जवा त्याच्या पोटात राहत न्हाई तवा." यावर मी घरी जाऊन बराच विचार केला. माझे मृदेचे प्रकार कुणाच्याही पोटात अगदी सुखानं राहण्यासारखे होते, हे मला कबूल करावं लागलं.

म्हणून मी सचित्र लेखाकडे वळलो. विषय घेतला 'हळद: शेतापासून डब्यापर्यंत'. शाळेत एक डिजिटल कॅमेरा होता, तो कपाटात कुलपात असायचा. तो मागायला मी अर्ज केला. मुख्याध्यापकांनी 'प्रयोजन स्पष्ट करा' असा शेरा मारला. मी स्पष्ट केलं. मग 'सदर पीक अभ्यासक्रमात आहे काय' असा शेरा आला. हळद अभ्यासक्रमात निघाली, पण आठवीच्या, आणि मी शिकवायचो नववी-दहावीला. शेवटी आठवीच्या वर्गशिक्षकांनी कॅमेरा घेतला आणि मला उसना दिला.

व्यंकटरावांच्या शेतावर तेव्हा हळदीची धांदल होती. कढईत हळद शिजत होती, खळ्यावर वाळत होती, आणि वाळलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये फिरत होती. हा ड्रम ज्यानं पाहिला नाही त्याला सांगतो, तो फिरायला लागला की हळकुंडाची साल निघते आणि तिची धूळ उठते, आणि जवळचा माणूस डोक्यापासून नखापर्यंत पिवळा होतो. व्यंकटराव सकाळपासून ड्रमपाशीच. अंगात बंडी, खाली धोतर, डोक्याला पंचा, आणि सगळं पिवळंजर्द. दमून ते हिरव्या कापडाच्या मांडवाखाली एका पाटावर टेकले, तेवढ्यात मी म्हटलं, "काका, इकडं बघा."

त्यांचा आयुष्यात फोटो निघालेला एकदा लग्नात आणि एकदा मतदार ओळखपत्रासाठी. त्यामुळे कॅमेरा समोर आला की कसं बसायचं, हे त्यांना लग्नावरूनच ठाऊक. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मान किंचित खाली घातली आणि लाजून हसले. माझा डोळा कॅमेऱ्यात होता, आणि त्याच क्षणी बाजूनं कुणीतरी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. फोटोत आला तो फक्त हात आणि त्यावरच्या हिरव्या बांगड्या.

मी लेख घेऊन वसमतला गेलो. धम्मानंदनं आधी फोटो चढवायला लावला. तो इतका सावकाश चढत होता की आमचा एक चहा झाला, दुसरा मागवला, आणि तो यायच्या आत लाईट गेली. भारनियमन. लेख माझ्या हातातच राहिला. फोटोही गेला नसणार, असं मी धरून चाललो. पुढचे काही दिवस मला दहावीच्या परीक्षेची ड्युटी होती. मी हॉलमध्ये फेऱ्या मारत पोरांच्या कॉप्या पकडत होतो, तेव्हा माझा स्वतःचा केवढा पेपर फुटला आहे याची मला कल्पना नव्हती.

परीक्षेहून घरी आलो आणि धम्मानंदचा फोन आला. "सर, फोटू गेला. लेख न्हाई गेला."

"बरं मग? लेख उद्या टाकू."

"लेख ऱ्हाऊ द्या सर. तुमी आधी या. इथं गर्दी झाली."

मी पोचलो तर फोटोखाली अभिप्रायांची रांग लागलेली. 'व्यंकटकाका, अभिनंदन!' 'या वयात? मानलं बुवा!' 'हळद लागली, अक्षता कधी?' 'हात बघा, हिरवा चुडा आहे.' त्यानंतर सगळ्यांना एकच प्रश्न पडलेला, बाई कोण? एकानं लिहिलं, बाई पुसेगावची. दुसऱ्यानं लिहिलं, छे, जवळा बाजारची, पक्की खबर आहे, बाजारात दोघं बोलताना दिसले होते. त्यावर तिसऱ्यानं मुहूर्तही देऊन टाकला, होळीचा. पोरांनी फोटो उचलून एकमेकांना पाठवला, मोबाइलवरून घरी कळवलं, आणि ज्यांनी जन्मात कधी धानोरवाडीचं नाव काढलं नव्हतं ते गावाशी मैत्री करायला रांगेत उभे होते. ब्राझीलच्या बाईनंही शुभेच्छा दिल्या होत्या.

खरं सांगतो, भीती मला नंतर वाटली. आधी राग आला. रात्र-रात्र बसून काढलेल्या माझ्या आलेखाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, आणि एक अक्षरही न लिहिलेला हा फोटो गावोगाव हिंडतो? लेखकाचा एवढा अपमान मी कुठं पाहिला नव्हता. धम्मानंद मात्र पडद्याकडे पाहून भक्तिभावानं म्हणाला, "बघा सर, पोटात न्हाई राहिलं."

मी फोटो छापून घेऊन घरी आलो आणि बायकोला, जनकाला, दाखवला. म्हटलं, लोक किती उथळ असतात ते बघ. तिनं फोटो उजेडात धरला, जवळ नेला, आणि मग माझ्यावर ओरडली, "अवो, हा हात माझा हाय!"

मनगटावर तव्याच्या चटक्याचा डाग होता. डाग तिचाच. त्या दिवशी ती घरच्यासाठी हळद आणायला शेतावर गेली होती आणि म्हाताऱ्या माणसाला तिनं माणुसकीनं पाणी दिलं होतं.

"सगळ्या पुन्यात माझा हात हिंडून राहिला," ती म्हणाली, "अन् तुमी आलेख काढा!"

आता खुलासा करणं भागच होतं. मी दुसऱ्याच दिवशी सात मुद्द्यांचा खुलासा टाकला. त्यात हळदीचं पॉलिश म्हणजे काय, धूळ का उडते, मांडवाचं कापड हिरवं का असतं, हे सगळं क्रमानं दिलं. खुलासा कुणी वाचला नाही. एकानं फक्त लांबी बघितली आणि लिहिलं, 'सर एवढं लिहितात म्हणजे नक्की काहीतरी आहे.'

इकडे गावात ग्रामसेवक भावसिंग माझ्या दारात आले. विवाह नोंदणीचं काम वरून कडक झालं होतं, आणि त्यांनी नोंदणीचा कागद सोबत आणला होता. मी सांगितलं, लग्न झालेलं नाही, होणार नाही. ते खाली बसले आणि म्हणाले, "मंग तसं लेखी द्या सर."

"कसं लेखी देऊ?"

"लग्न झालं न्हाई म्हनून."

"गावात अर्ध्या लोकांची लग्नं व्हायची आहेत, भाऊसाहेब. सगळ्यांकडून लेखी घेता का?"

"त्यायच्या हळदीचा फोटू कुठं आलाय?" ते म्हणाले. लग्न न झाल्याचा नमुना मात्र त्यांच्याकडे नव्हता, म्हणून ते तेवढ्यापुरते गेले.

हे सगळं व्यंकटरावांना सांगायचं धैर्य मला होत नव्हतं. शेवटी मन घट्ट करून त्यांच्याकडे निघालो, तर त्यांच्या अंगणात एक बॅग आणि बॅगेमागे त्यांची थोरली बहीण धुरपताबाई उभी. पुसेगावहून पहिल्या एसटीनं आलेली. औरंगाबादच्या नातवानं तिला फोन केला होता.

"व्यंकट्या, तुला हळद लागली अन् बहिनीला सांगावा न्हाई?"

"आक्का, कशाची हळद?" व्यंकटराव गोंधळून म्हणाले. मग मला मध्ये पडून सगळं सांगावं लागलं; फोटो, अभिप्राय, चुडा, सगळं. मला वाटलं, आता म्हातारा काठी घेतो. पण आधी धुरपताबाईच बोलल्या.

"पालिशची असो का लग्नाची, हळद ती हळद. माझ्या मानाचं लुगडं कुठंय?"

त्यांना भावाच्या दुसऱ्या लग्नाबद्दल काही म्हणायचं नव्हतंच. म्हणायचं होतं ते लुगड्याबद्दल.

तेवढ्यात व्यंकटरावांचा मोबाइल वाजला. वैजनाथ होता. तो इतक्या जोरात बोलत होता की मला आणि धुरपताबाईंना सगळं ऐकू आलं. "दादा, मी निघालोय. आम्ही तिघंही निघालोय. मी येईपर्यंत काहीही करू नका!"

मी हातवारे करून व्यंकटरावांना सुचवत होतो, सांगा, खोटं आहे म्हणून सांगा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "ये." आणि फोन ठेवला.

"काका, खरं काहून न्हाई सांगितलं?" मी नकळत त्यांच्याच भाषेत विचारलं.

"सर, दोन साल झाले, 'निघालोय' म्हनंल म्हनून वाट बघून राहिलो. आता त्यो म्हनला, अन् मीच त्याला 'येऊ नको' म्हनू?"

यानंतर माझी काय शामत की मी तोंड उघडीन. पोरगं येणार म्हणून व्यंकटरावांनी घर सारवून घेतलं, हजामत केली, वसमतहून आक्काला लुगडं आणलं. गावानं ते सगळं पाहिलं आणि उरलेल्यांचीही खात्री पटली. दगडोबानं मला चहा देताना आवाज खाली आणून विचारलं, "सर, बाई तुमच्याच नात्यातली हाय म्हनं?" मी तो चहा न पिताच उठलो.

होळीच्या आदल्या दिवशी गाडी आली. वैजनाथ उतरला, त्याची बायको उतरली, आणि आरोही उतरली. वैजनाथनं वडिलांच्या पाया पडायच्या आधी घरात डोकावून बघितलं, मग परसात, मग गोठ्यात. नवरी सापडेना तेव्हा त्यानं मला बाजूला घेतलं.

"सर, तुम्ही मला शिकवलंय. खरं सांगा, बाई कोण आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं, इतक्यात जनका शेजारधर्म म्हणून पाहुण्यांसाठी पाणी घेऊन आली. तिनं तांब्या पुढे केला. वैजनाथनं तांब्याकडे पाहिलं, मग हिरव्या बांगड्यांकडे, मग मनगटावरच्या डागाकडे. त्यानं फोटो चांगलाच मोठा करून पाहिला असणार. त्यानं माझ्याकडे वळून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत कनवाळूपणे म्हणाला, "सर, तुम्ही धीर सोडू नका."

शिकवलेल्या पोराकडून सांत्वन करून घेण्याची वेळ कुठल्याही मास्तरावर न येवो. जनकानं तांब्या तिथंच आदळला. तसे व्यंकटराव बाजेवरून उठले.

"वैजू, लगीन न्हाई, काही न्हाई. हळद पालिश करून राहिलो होतो. दरसाल करतो. तुला दरसाल फोनवर सांगतोबी, हळद काढली, या एकडाव. तू म्हनतोस, बघू."

"मग मला फोनवर खरं का नाही सांगितलं, दादा?"

"तू आला असतास?"

वैजनाथनं पायातले बूट काढले. तो बाजेवर बसून राहिला. इतके दिवस मला लेखाची काळजी होती. या माणसाला फक्त त्याचं पोरगं समोर हवं होतं. मघापासून आरोही दिसत नव्हती, ती काम संपल्यावर शेतातून परसात आणून ठेवलेल्या पॉलिशच्या ड्रमपाशी निघाली. कुणी लक्ष द्यायच्या आत तिनं ड्रमखालची ओंजळभर धूळ अंगावर उधळून घेतली होती, आणि आजोबांपेक्षा पिवळी होऊन ती अंगणात आली. आधी तिची आई किंचाळली, मग धुरपताबाई हसल्या, आणि मग वैजनाथही हसायला लागला. त्यानं सुट्टी वाढवली.

मेळावा झाला. औरंगाबादचे आले, पुण्याचे आले, एक दुबईहून थेट आला. लग्न नाही असं कळल्यावर थोडे हिरमुसले, पण आलोच आहोत तर जेवून जाऊ म्हणाले. मी मृदेवर भाषण तयार ठेवलं होतं. ते मी केलंही, पंगत चालू असताना, आणि सगळ्यांचं लक्ष वांग्याच्या भाजीकडे होतं. भाषणानंतर टाळ्या झाल्या, त्या भाजी संपली नसल्याची खबर आली म्हणून. जनका अजून माझ्याशी बोलत नव्हती, आणि आरोही मात्र तिच्याच मांडीवर बसून जेवत होती.

चार दिवसांनी गाडी निघाली. आरोही मागच्या काचेतून हात हलवत राहिली. गाडी वळणाआड गेली तरी व्यंकटराव रस्त्यावरच उभे, आणि त्यांना एकटं सोडवेना म्हणून मीही. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळ्यांना पंचा लावला आणि धूळ गेली असं म्हणाले. रस्ता त्याच साली डांबरी झाला होता.

मग माझ्या ओट्यावर येऊन बसले. एखाद्या व्यवहाराचं बोलावं तसं म्हणाले, "सर, औंदा लगीन झालं. पुढल्या साली काय टाकायचं?"

"सुचेल काहीतरी, काका."

"सुचवा. पन तेरवीचं सुचवू नका. तिला तर ते बिनफोटूचे येत्यात."